हैदराबादचे रहीम मास्तर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, १ डिसेंबर रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून उपांत्य फेरी गाठली. आशियातील कोणत्याही संघाने तोवर ऑलिंपिकमध्ये एवढी मजल मारली नव्हती. तो संघ घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने हैदराबादचे शाळामास्तर. महिन्यापूर्वीपर्यंत ते आणि बीडचा, अंबाजोगाईचा वा परळीचा शिक्षक एकाच राज्याचे रहिवासी होते. त्या अर्थाने ते आपलेही होते. पण बीड जिल्ह्यातील किती शिक्षकांना त्यांचे नाव ठाऊक आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर आशादायक येणार नाही. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा ते नाव काहींच्या कानी पडले इतकेच.

या विस्मरणाला कारणे आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. रहीम यांचा खरा संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. १९४८ पर्यंतची निजामी राजवट, रझाकारांचा धुमाकूळ आणि पोलीस कारवाई ज्यांनी अनुभवली, त्या पिढीला हैदराबाद आणि पोलीस हे दोन शब्द एकत्र आले की फुटबॉल आठवणे शक्यच नव्हते. मुक्तिसंग्रामाचे मोल सांगताना आपण हैदराबादचे दप्तर बंद करून टाकले. आता ते उघडतो, ते जुन्या उर्दू नोंदींतून कुणबी दाखले शोधण्यापुरते. राजवट नाकारणे योग्यच होते. परंतु त्या राज्यातील साध्या माणसांनी उभारलेल्या गोष्टींवरचा हक्कही आपण त्याच भरात सोडून दिला, हे मात्र आमच्या मते नुकसानीचे झाले.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबाद शहरातला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. मराठवाड्यातील मुलांनाही उच्च शिक्षणासाठी तेव्हा याच विद्यापीठाचा दरवाजा ठोठवावा लागे. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेजही त्याचेच. विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे शहरातील स्थानिक संघातून ते खेळले. मात्र थोर खेळाडू म्हणून त्यांचा लौकिक झाला नाही. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकविले, आणि शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून खेळांची जबाबदारी स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. शाळा आणि संघटना या दोन गोष्टींमधून त्यांचे सारे कार्य निघाले.

शिक्षकाची नजर त्यांच्या प्रत्येक उपक्रमात दिसते. मुलांसाठी त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू पायात घोळवीत नेण्यास मनाई असे. चेंडू आला की तो लगेच सोबत्याकडे द्यायचा. काही स्पर्धांत मुलांनी आपल्या कच्च्या पायानेच खेळायचे, उजव्याने खेळणाऱ्याने डाव्याने. ज्याचे शुद्धलेखन कच्चे त्याच्याकडून तेवढेच रोज लिहून घ्यावे, हा मास्तरकीचा जुना खाक्याच त्यांनी मैदानावर नेला. त्या काळी भारतीय फुटबॉलमध्ये एकट्याने चार-पाच जणांना चकवून टाळ्या मिळविणारा खेळाडू मोठा समजला जाई. रहीम यांनी टाळ्यांचा हा हिशेबच बदलला. चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो, मग माणसाने उगाच का दमावे, असा त्यांचा साधा व्यवहार होता.

१९५० पासून सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावर एक आश्चर्य घडू लागले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक या संघाने हैदराबादला नेला. हा विक्रम पुढे कोणालाही मोडता आला नाही. २००० च्या सुमारास ती स्पर्धाच बंद पडली. दिल्लीचा ड्युरँड चषकही १९५० आणि १९५४ मध्ये त्यांनी जिंकला. कलकत्त्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे संघ म्हणजे भारतीय फुटबॉल, अशी समजूत रूढ असताना दख्खनच्या पोलिसांनी ती खोटी पाडली.

या संघातील खेळाडूंचा करार काय होता? आजच्या अर्थाने करार नव्हताच. खेळाडू पोलीस दलात नोकरीला असे, महिन्याचा पगार घेई आणि हुद्द्याप्रमाणे बढतीची वाट पाही. पगार बेताचाच, पण नोकरी पक्की. गुडघा दुखावला म्हणून घरची चूल बंद पडण्याचे भय नव्हते. आमच्या मते त्या संघाच्या बळाचे अर्धे रहस्य यात आहे. तेच ते अकरा-पंधरा जण वर्षानुवर्षे एकत्र राहिले, म्हणून एकमेकांकडे न पाहता चेंडू देणे त्यांना जमले. उलट कलकत्त्याचे श्रीमंत क्लब दक्षिणेतील गुणी खेळाडू हेरून नेत. खेळ हौशी म्हणविला जात असला तरी पैशाचा मोह खोटा नव्हता. हैदराबादचे अनेक खेळाडू त्या वाटेने गेले आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

यांतील सर्वांत मोठे नाव तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा हा गरीब घरचा मुलगा रहीम यांच्या नजरेस पडला. रोज शहरात सरावाला येण्याइतके पैसेही त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा रहीम यांनी येण्याजाण्याचा खर्च सोसून त्याला मैदानावर आणले. पुढे बलराम ईस्ट बंगालमध्ये गेले. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम हे त्रिकूट भारतीय फुटबॉलमध्ये प्रसिद्ध आहे. बंगाली रसिक पहिल्या दोघांचे गोडवे गातात. आमचा कौल बलराम यांच्या बाजूने पडतो. आघाडीच्या कोणत्याही जागी उभे करा, हा माणूस तितकाच उपयोगी पडे, आणि रहीम यांची शिकवण तिघांत त्यांच्याच खेळात अधिक मुरलेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते वारले. बचावातील अझीझ आणि मधल्या फळीतील नूर महंमद हे या संघाचे कणा होते, परंतु गोल करणाऱ्याचे नाव राहते आणि गोल वाचविणाऱ्याचे पुसले जाते, हा फुटबॉलचा जुना अन्याय त्यांच्याही वाट्याला आला. याला अपवाद गोलरक्षक पीटर थंगराज यांचा. हैदराबादच्या मातीतले, पण सैन्यदलात घडलेले हे उंचनिंच गृहस्थ आशियात सर्वश्रेष्ठ गणले गेले.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीम यांची सुरुवात यशाने झाली. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेचसे खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. आपल्याकडच्या स्पर्धांत सामना पूर्ण ९० मिनिटांचा नसे, त्यामुळे दमही पुरला नाही. अनवाणी खेळण्याचे कौतुक करणारे तेव्हाही होते. रहीम यांनी त्या पराभवातून धडा घेतला. त्यानंतर बूट अनिवार्य झाले. हंगेरीच्या संघाने त्या काळात मध्य आघाडीपटूला मागे खेचून खेळविण्याची जी पद्धत आणली, तिचा अभ्यास करून रहीम यांनी ती आपल्या संघाला शिकविली. चार बचावाला, दोन मध्ये आणि चार आघाडीला ही रचना ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जगप्रसिद्ध केली, त्याआधीच हैदराबादचा हा शिक्षक त्या दिशेने गेला होता.

मेलबर्नला त्याचे फळ दिसले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाची गाठ पडली. उत्तरार्धात डिसोझा यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली, पण ती दोनच मिनिटे टिकली आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरविले. चौथा क्रमांक लागला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्या देशाने त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आघाडी घ्यावी, ही गोष्ट पदकाहून लहान नाही. १९६० साली रोमला हंगेरीशी १-२ अशी झुंज आणि फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. पेरूकडून मात्र १-३ असे हरून गटातूनच परतावे लागले.

१९६२ ची जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा ही त्यांची अखेरची मोहीम. फुफ्फुसाच्या कर्करोगाने शरीर पोखरले जात होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरविले. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जबर जखम होऊन टाके पडले. शिवाय तैवान आणि इस्रायल यांना यजमानांनी स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे सारे शहर भारतीयांवर खवळलेले. अशा स्थितीत रहीम यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. टाके पडलेला, बचावात खेळणारा जर्नेल त्यांनी आघाडीला उभा केला. उपांत्य सामना ३-२ असा जिंकला. ४ सप्टेंबर रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्योत अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच झाला. आजारातून उठलेले थंगराज गोलमध्ये उभे राहिले. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला आणि जर्नेल यांनी दुसरा गोल केला; भारत २-१ असा जिंकला. या जुगाराला कोणी दैव म्हणेल. आमच्या मते तो जुगार नव्हता. जो शिक्षक वर्गातल्या प्रत्येक मुलाचा कच्चा आणि पक्का पाय ओळखून असतो, त्याने केलेली ती बाकांची अदलाबदल होती.

११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षात, रहीम निवर्तले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही; १९७० चे बँकॉकचे कांस्य हीच काय ती नंतरची मिळकत.

त्यांच्या संघाच्या मैदानाची कथाही ऐकण्याजोगी आहे. फतेह मैदान हे नाव औरंगजेबाच्या गोवळकोंड्याच्या वेढ्याशी जोडले जाते. याच मैदानावर हैदराबादचे फुटबॉल वाढले. १९५५ मध्ये तेथे कसोटी क्रिकेट आले, १९६७ मध्ये लालबहादूर शास्त्री यांचे नाव दिले गेले, आणि हळूहळू मैदान खेळापेक्षा समारंभांना अधिक सोयीचे वाटू लागले. ७ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी तेथेच झाला. सभामंडपाचे खांब रोवण्यासाठी खेळाच्या मैदानात खड्डे खणण्याची रीत काही एकट्या हैदराबादची नव्हे, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगावयास नको.

२०१९ मध्ये हैदराबादच्या नावाने व्यावसायिक संघ उभा राहिला. मार्च २०२२ मध्ये गोव्यात अंतिम सामना जिंकून त्याने इंडियन सुपर लीगचे विजेतेपदही मिळविले. पुढच्याच दोन हंगामांत पगार थकले, खेळाडू करार मोडून निघून गेले आणि २०२५ मध्ये संघाने शहर सोडून दिल्लीचा रस्ता धरला. करारातील आकडे मोठे होते. ते वेळेवर हातात पडतील याची हमी मात्र नव्हती. पोलीस शिपायाच्या पगारात ती हमी होती. आपल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याला धावपटू म्हणून घडविले तेही सैन्यातल्या पक्क्या नोकरीनेच, आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेस शर्यतीचे सुवर्ण आणले.

पण साबळे सैन्यात जाईपर्यंत वाट पाहावी लागली. रहीम यांना बलराम मिळाला तो कोवळ्या वयात. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघाले की त्यांच्याबरोबर वर्गातील कितीतरी मुले जातात. त्यांतील कोणाचे पाय कसे आहेत हे पाहणारा माणूस शाळेत हवा, आणि तो वर्षभर हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विषयशिक्षक, पटसंख्या शंभरावर गेली तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, अशी तरतूद आहे. त्याच ठिकाणी आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक पुरेसा मानला आहे, आणि तोही पट शंभरावर असेल तरच.