अल्-बिरुनी आणि त्याचा तराजू

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? हा प्रश्न लहानपणी आपल्या सगळ्यांना कोणी ना कोणी घातलेला असतो. घाईने उत्तर देणारा फसतो, कारण दोन्ही एक किलोच. फरक असतो तो जागेचा. किलोभर कापसाला मोठी पिशवी लागते, तेवढेच लोखंड तळहातावर मावते. मेसमध्ये येणारी एक लिटर खाद्यतेलाची पिशवी पाहा. तिच्यावर ९१० ग्रॅम असे छापलेले असते. एक लिटर पाणी मात्र १००० ग्रॅम भरते, दूध साधारण १०३० ग्रॅम, आणि एक लिटर पारा तब्बल १३ किलो ६०० ग्रॅम! म्हणून तेल पाण्यावर तरंगते आणि पाण्यात बुडणारा लोखंडी खिळा पाऱ्यावर तरंगतो. ठरावीक जागेत किती वस्तुमान मावले आहे, यालाच आपण घनता म्हणतो.

हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट ज्याने विलक्षण काटेकोरपणे मोजली, त्या अबू रैहान अल्-बिरुनीची ओळख मी या पानावर करून देणार आहे. इतिहासाच्या तासाला तो आपल्याला गझनीच्या महमुदाच्या काळातला प्रवासी म्हणून भेटतो. प्रयोगशाळेतला बिरुनी मला त्याहून जवळचा वाटतो.

त्याचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिज्म प्रांतातला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. तो बावीस वर्षांचा असताना तिथे सत्तेसाठी लढाई पेटली आणि त्याला घर सोडून पळावे लागले. पण अशा धावपळीच्या वर्षांतही त्याचे प्रश्न थांबले नाहीत. आपल्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या इब्न सिनाशी त्याचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्यातले दोन प्रश्न आजही आपल्याला विचारात पाडतील. थंडीने वस्तू आकसतात, तर पाणी गोठल्यावर बंद बाटली फुटते का? आणि बर्फ पाण्यावर तरंगतो का? आज आपल्याला ठाऊक आहे की गोठताना पाणी प्रसरण पावते आणि बर्फाची घनता पाण्याहून कमी भरते. बिरुनीचे मोठेपण असे, की सगळे ज्याला नेहमीचे म्हणून सोडून देत होते, तिथे तो अडला.

धातू आणि रत्ने मोजण्यासाठी त्याने एक पात्र बनवले. खाली रुंद, वर निमुळते, आणि गळ्याशी एक वाकडी नळी. नळीपर्यंत पाणी भरायचे, वजन केलेला तुकडा आत सोडायचा आणि नळीतून बाहेर पडलेले पाणी तराजूत तोलायचे. १९३ ग्रॅम शुद्ध सोने टाकले तर १० ग्रॅम पाणी बाहेर येते. तेवढेच पाणी बाहेर काढायला चांदी १०५ ग्रॅमच पुरते. म्हणजे सोने पाण्याच्या १९.३ पट आणि चांदी १०.५ पट. सोन्यात चांदी मिसळलेली असेल, तर आकडा लगेच खाली येतो. गळा निमुळता ठेवण्यामागे कारण होते: अरुंद जागेत पाण्याची पातळी थोडीशी चढली तरी कळते. आपल्या प्रयोगशाळेतला ओव्हरफ्लो कॅन याच तत्त्वावर चालतो.

सोने १०० धरले, तर तेवढ्याच आकाराची चांदी साधारण ५४, शिसे ५९ आणि लोखंड ४० भरते, असे तक्ते त्याने तयार केले. आजच्या आकड्यांशी ते आश्चर्य वाटावे इतके जुळतात. थंड आणि गरम, गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला फरकही त्याने लक्षात घेतला. पुढे अल्-खाझिनीने ११२१ साली तराजूवर लिहिलेल्या ग्रंथात ही मापे जपून ठेवली.

१०१७ साली महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर बिरुनीलाही गझनीला नेले. विजेत्याच्या दरबारात राहणे त्याच्या नशिबी आले. त्या फौजांमागून तो भारताकडे आला, पण त्याला इथले ज्ञान हवे होते. त्यासाठी तो संस्कृत शिकला. पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली दिसते ते मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. १०३० च्या सुमारास भारतावरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात इथल्या वजनमापांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आपले तोळा-मासाही त्यात आले आहेत.

याच ग्रंथात त्याने महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाल्याचे, लोक देशोधडीला लागल्याचे आणि विद्या दूर काश्मीर-काशीकडे निघून गेल्याचे नोंदवले. भारतीयांच्या ज्या गोष्टी त्याला पटल्या नाहीत, त्याही त्याने तितक्याच स्पष्टपणे लिहिल्या. गझनीत राहून गझनीच्या सुलतानाबद्दल असे लिहायला किती धैर्य लागले असेल, याचा विचार आपण गणवेश घालणाऱ्यांनी जरूर करावा. रणांगणावरचे धैर्य आपल्याला रोज शिकवले जाते. जे दिसले ते कमी-जास्त न करता सांगण्याचे धैर्यही त्याच तोलाचे आहे. चुकीचा अहवाल देणारा सैनिक स्वतःच्याच तुकडीला संकटात टाकतो.

उतारवयात, सुलतान मौदूदच्या काळात, त्याने रत्ने आणि धातूंवर आणखी एक ग्रंथ लिहिला. १०५० च्या आसपास गझनीतच त्याचा मृत्यू झाला. महमुदाने गझनीला नेलेली लूट कुठल्या कुठे गेली. बिरुनीने मोजलेली सोन्याची घनता मात्र आजही कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत ताडून पाहता येते.

मित्रांनो, पुढच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी ओव्हरफ्लो कॅनमधून थेंब पडताना शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा आणि मगच वहीत आकडा लिहा.