दाराबाहेर थांबलेला शास्त्रज्ञ

लंडनमधलं एक मोठं घर. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे शास्त्रज्ञांची बैठक रंगलीय. जिन्याच्या वर, बंद दारासमोर एक माणूस घुटमळतोय. अंगावर जुन्या फॅशनचा, रंग उडालेला जांभळट सूट. आत जायचंय त्याला, पण दार उघडून इतक्या चेहऱ्यांना सामोरं जायचा धीर होत नाहीये. शेवटी मागून जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजतात, परतीची वाट बंद होते, तेव्हा कुठे तो आत शिरतो.

या माणसाला तुम्ही ओळखता. फिजिक्सच्या पुस्तकात भेटलाय तो तुम्हाला. हेन्री कॅव्हेंडिश, जन्म १७३१. ड्यूकचा नातू, गडगंज श्रीमंत. केंब्रिजला शिकला, पण डिग्री न घेताच बाहेर पडला. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे, हे त्याने १७६६ मध्ये दाखवून दिलं.

घरी तो स्वयंपाकघराला ऑर्डर द्यायचा ती चिठ्ठी लिहून. मोलकरणी समोर येऊ नयेत म्हणून त्याने वेगळा जिना बांधून घेतला होता. पुस्तकं न्यायला येणाऱ्यांशी गाठ पडू नये म्हणून लायब्ररीही राहत्या घरापासून लांब ठेवली. एकदा बँक्स यांच्याकडे एका परदेशी पाहुण्याने त्याला गाठून तोंडभरून स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश मान खाली घालून उभा राहिला आणि गर्दीत फट दिसताच धूम पळाला, तो थेट बग्गीत!

विक्षिप्त, माणूसघाणा... लोकांनी काय काय म्हटलं असेल! ‘ऑटिझम’ची आजची ओळख विसाव्या शतकातली, त्यामुळे त्याची तपासणी कुणी केलेली नाही. पण २००१ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी त्याच्या नोंदी वाचून तो ऑटिस्टिक असावा, असं मत मांडलं.

आता तुमच्या फेस्टचा हॉल डोळ्यांसमोर आणा. लुकलुकणारे एलईडी, स्क्रीन, चकचकीत फरशीवरचं प्रतिबिंब, सगळीकडून हलणारी माणसं. आपला मेंदू यातलं बरंचसं आपोआप गाळून टाकतो. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींच्या बाबतीत ही गाळणी तशी चालत नाही. सगळं एकदम, सारख्याच जोराने आत येतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची सेकंदाला शंभर वेळा होणारी फडफड आपल्या लक्षातही येत नाही, काहींना ती छळते. मग डोकं भणभणतं, शब्द सुचत नाहीत, तिथून पळावंसं वाटतं. आपण म्हणतो, काय अ‍ॅटिट्यूड आहे याला!

गंमत बघा, कॅव्हेंडिशला ही गोष्ट यंत्राच्या बाबतीत नेमकी कळली होती. पृथ्वीची घनता मोजताना प्रत्येकी सुमारे १५८ किलोच्या शिशाच्या गोळ्यांची अतिसूक्ष्म ओढ त्याला टिपायची होती. नुसतं जवळ उभं राहिलं तरी हवा तापून माप बिघडलं असतं. म्हणून त्याने यंत्र बंद खोलीत ठेवलं आणि बाहेरून दुर्बिणीतून आकडे वाचले. १७९८ मध्ये उत्तर आलं: पाण्याच्या ५.४८ पट. आजचं माप साधारण ५.५१ आहे!

असं वागणारी माणसं त्यालाही भेटली. त्याला बोलतं करायचं तर त्याच्याकडे बघायचं नाही, रिकाम्या जागेशी बोलल्यासारखं बोलायचं, असा सल्ला वोलस्टन हा शास्त्रज्ञ देत असे. तो सोसायटीच्या क्लबात वर्षानुवर्षं नेमाने जेवायला येत राहिला. मात्र बरंच काही त्याच्या कागदांतच राहिलं. ओहमच्या नियमापर्यंत तो ओहमच्या कितीतरी आधी पोहोचला होता. विजेवरचं त्याचं काम मॅक्सवेलने छापलं ते १८७९ मध्ये, तो गेल्यानंतर ६९ वर्षांनी.

तेव्हा पुढच्या फेस्टला कुणी कॅप खाली ओढून, गॉगल लावून हॉलबाहेर थांबलेलं दिसलं, तर हाताला धरून आत ओढू नका. कमी उजेडाचा एखादा कोपरा दाखवा, हवं तर शेजारी बसा. डोळ्यांत डोळे घालून बोलायचा आग्रह नको. आत यायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.