साने गुरुजींचे औदासीन्य

बेळगावच्या उद्यमबागेत गाण्याचा वर्ग घेताना एक प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. फौंड्रीतली पाळी संपवून मुलाला न्यायला आलेले वडील, कधी एखादी आई, बाजूला येऊन हळूच विचारतात, की पोर हल्ली गप्प असते, कशात मन रमत नाही. हे वयाचे समजावे की आणखी काही? मी वैद्य नव्हे. पण हा प्रश्न निघाला की मला साने गुरुजींचे चरित्र आठवते. ते आपणा सर्वांच्या घरात वाचलेले आहे. तरी त्याच्या एका बाजूकडे आपण डोळसपणे पाहिलेले नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे एके काळचे सुखवस्तू, पुढे दारिद्र्यात आलेले. शिक्षणासाठी ते औंध संस्थानात गेले, तेथे प्लेग आला म्हणून सोडून पुण्यास नूतन मराठी विद्यालयात आले. १९१७ च्या नोव्हेंबरात आई गेली, आणि अखेरच्या घटकेस ते जवळ नव्हते. हे दुःख जन्मभर पुरले. पण त्या दुःखाने त्यांस निकामी केले नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि पुढल्या वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यास मिळाले. शोकाची ही एक जात. तो लाटेसारखा येतो व ओसरतो. मधल्या काळात माणूस जेवतो, काम करतो, हसतोही.

दुसरी जात स्वभावाची. १९२४ पासून गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत होते. मुलांच्या खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढीत. कोणाचे दुःख पाहिले की डोळ्यांत पाणी येई. या हळवेपणास आजार म्हणणे हा अन्याय होईल. अशी माणसे ओलाव्याने जगतात, आणि त्यांच्यामुळे इतरांचे जगणे सुसह्य होते.

तिसरे दुःख जगाच्या अन्यायाचे. ते गुरुजींस स्वस्थ बसू देत नसे. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याचा व त्रिचनापल्लीचा तुरुंग पाहिला. विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषणास बसले. दहाव्या दिवशी ते यशस्वी होऊन सुटले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. आम्हां सीमाभागातील माणसांस त्या कल्पनेचे मोल सांगावयास नको. आमच्या एकाच गल्लीत कानडी व मराठी दोन्ही नांदतात.

परंतु या तिन्हींच्या खाली चौथे एक औदासीन्य होते. आपण अपात्र आहोत, पापी आहोत, आपल्या हातून काही झाले नाही, ही बोचणी ‘पत्री’तील कवितांपासून दिसते. कसलेही यश तिला उतार पडू देत नसे. मृत्यूचे विचार त्यांच्या मनात पूर्वीही येऊन गेले होते, हे निकटच्या मित्रांस ठाऊक होते. त्याच अखेरच्या काळात पुतणी सुधा हिला ते फुलापाखरांनी, पावसाने आणि आकाशाने भरलेली पत्रे लिहीत होते. ती पत्रे वाचून लिहिणाऱ्याच्या मनातला अंधार कोणास कळला असता? ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे पन्नास वर्षांचे.

राजकारणातील निराशा, समाजातील भ्रष्टता, अशी अनेक कारणे त्यावेळी सांगितली गेली. अशा मृत्यूस सहसा एकच कारण नसते, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या मनास रोगाचे नाव देणे मला रास्त वाटत नाही. मात्र एक गोष्ट खटकते. त्यांचे अश्रू आपण संतपणाचे लक्षण मानले, आणि सगळेच अश्रू एका मापाने मोजले. त्या काळी इलाजही तोकडे होते. औदासीन्यावरील आजच्या औषधांची सुरुवातच १९५० नंतरच्या दशकात झाली. शिवाय जीव देण्याचा प्रयत्न हा तेव्हा कायद्याने गुन्हा होता; मग मनातले बोलणार कोण?

आज आपणास ही सबब उरलेली नाही. वैद्यकशास्त्र सांगते त्याचे सार असे, की उदासी रोजची होऊन दोन आठवडे टिकली; आवडीच्या गोष्टीत, गाण्यात, मुलाबाळांतही रस उरला नाही; झोप व भूक बिघडली; काम सुचेनासे झाले; आणि आपण कुचकामी, घराला ओझे, असे वाटू लागले, तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. ताप उतरत नसेल तर आपण वैद्याकडे जातो, तसेच येथेही जावे. मरणाचे बोलणे निघाले तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या माणसास एकटे सोडू नये. मनात तसे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात भरतात, ही समजूत खोटी आहे. उलट माणसास मोकळे वाटते.

घरच्या डॉक्टरांपासून आरंभ करता येतो. आमच्या भागास धारवाडचे मानसिक आरोग्याचे जुने रुग्णालय जवळ आहे. सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, मराठीत किंवा कानडीत बोलता येते आणि त्यास पैसे पडत नाहीत.

त्या आईवडिलांस मी हल्ली एवढेच सांगतो, की पोराचा रियाज चुकला तर काळजी नको, पण त्याला गाणेच नकोसे झाले आणि ते तसेच राहिले, तर माझ्याकडे येण्याऐवजी डॉक्टरांकडे जा. घरातल्या मोठ्यांवरही तेवढीच नजर असू द्या. इतरांचे डोळे पुसण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला कसे आहे हे विचारायचे राहून जाते. गुरुजींवर जीव टाकणारी माणसे थोडी नव्हती.