दूरदेशीचा धन्वंतरी : डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत पाळणा हलला असेल, त्यांना एक लाल गोळी खचित ठाऊक असेल. गर्भवती स्त्रीला सरकारी दवाखान्यातून दिली जाणारी ती गोळी लोह आणि फॉलिक ॲसिड यांची असते. घरातील वडीलधारी बाई ती सुनेला आठवणीने घ्यायला लावते आणि गोळीचे पाकीट फडताळात ठेवून देते. तीमधील फॉलिक ॲसिड प्रथम प्रयोगशाळेत कोणी घडविले, हे त्या पाकिटावर लिहिलेले नसते. ज्या मंडळीने ते घडविले तिचा अग्रणी हिंदुस्थानातील होता, गोदावरीच्या काठचा होता, आणि एकदा घर सोडल्यावर तो पुन्हा घरी आला नाही. त्या पुरुषाचे नाव डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव.

जी गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते, तीच पुढे आंध्रात समुद्रास मिळते. तिच्या मुखाजवळच्या प्रदेशातील भीमवरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बारावांचा जन्म झाला. वडील जगन्नाथम् महसूल खात्यात होते. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना लवकर नोकरी सोडावी लागली. घरी सात मुले आणि मिळकत बेताची. तेराव्या वर्षी या मुलाने काशीस पळून जाण्याचा बेत केला. तेथे यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावे, असे त्याच्या मनात होते. आई वेंकम्मा यांनी त्याला वाटेतूनच परत आणले व पुन्हा शाळेत बसविले. मॅट्रिकची परीक्षा दोनदा हुकली. तिसऱ्या खेपेस ते मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून उत्तीर्ण झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु आईची अनुज्ञा मिळेना. तेव्हा रुग्णसेवा हीदेखील सेवाच, असा विचार करून ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९१९ साली शेषगिरी या मुलीशी त्यांचा विवाह झाला. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भार सासऱ्यांनी उचलला.

याच सुमारास त्या घरावर घाला पडला. संग्रहणीचा एक असाध्य प्रकार आहे, ज्यास डॉक्टर मंडळी ट्रॉपिकल स्प्रू म्हणतात. त्यात खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त पातळ होत जाते आणि माणूस अन्न समोर असताना उपाशी मरतो. या व्याधीने सुब्बारावांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. पुढे त्यांना स्वतःलाही तीच व्याधी जडली. डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदीय उपचारांनी ते वाचले; परंतु का वाचलो आणि भाऊ का गेले, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांच्या उभ्या आयुष्याचे सूत्र आम्हांस या प्रश्नात दिसते.

महात्माजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घातला. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही. परिणामी एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही खालची पदवी पदरी पडली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाले. मग डॉ. लक्ष्मीपतींच्याच आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीरशास्त्र शिकवू लागले. औषधे गुण देतात, पण ती कोणत्या द्रव्यामुळे, हे कळावयास रसायनशास्त्र हवे, आणि ते शिकावयास परदेशी गेले पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली. सासऱ्यांनी आणि धर्मादाय निधीने हातभार लावला. १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच ते अमेरिकेत बोस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत पोहोचले. पत्नी तेव्हा गरोदर होती. काही वर्षांत परत येईन, असे सांगून ते निघाले होते.

हिंदी पदवीवर अमेरिकेत वैद्यकी करता येत नसे. पोटासाठी त्यांनी तेथील एका रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे धरली. दिवसा हार्वर्डचा विद्यार्थी आणि रात्री रुग्णांची मलमूत्राची भांडी धुणारा नोकर, असा तो क्रम होता. इकडे मुलगा झाला. आजोबांचे जगन्नाथम् हे नाव त्याला ठेवले गेले. आणि वर्षाचा होण्यापूर्वीच तो वारला. पित्याने त्याचे तोंड पाहिले नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के या जीवरसायनज्ञाच्या हाताखाली सुब्बारावांना काम मिळाले. रक्तात आणि मूत्रात फॉस्फरस किती आहे हे अचूक मोजण्याची सोपी रीत त्या काळी नव्हती. या दोघांनी १९२५ साली ती शोधून काढली. द्रावणात विशिष्ट रसायने घातली की निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकवली जाते. या मोजपट्टीच्या आधाराने ते स्नायूंकडे वळले. स्नायूला बळ लॅक्टिक ॲसिडापासून मिळते, असे तोवर मानले जाई, आणि त्या विषयावरील कामाला १९२२ चे नोबेल पारितोषिकही मिळालेले होते. फिस्के व सुब्बाराव यांनी १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य दाखवून दिले. १९२९ साली ज्याला आज शाळेतील मुलेही ए.टी.पी. म्हणून ओळखतात ते द्रव्य त्यांनी वेगळे केले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी ते शोधले होते. आपण हात उचलतो, श्वास घेतो, हृदय चालते, ते या द्रव्यात साठविलेल्या शक्तीवर.

इतके होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. हार्वर्डमध्येच शिकलेले आणि पुढे १९८८ साली नोबेल मिळविणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतरच्या काळात असे नमूद केले आहे, की सुब्बारावांनी वेगळी केलेली काही द्रव्ये इतरांना पुन्हा नव्याने शोधावी लागली, कारण फिस्के यांनी ते काम उजेडात येऊ दिले नाही. सुब्बारावांनी मात्र याबद्दल कोठे दाद मागितली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत गेले व लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे आपल्या मुंबईशी या कथेचा धागा जुळतो. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक विचित्र पांडुरोग होई आणि कित्येक दगावत. त्याचे कारण ती शोधत होती. हाफकिन संस्थेत तिने उंदीर-माकडांवर प्रयोग केले. यीस्टचा अर्क, ज्याला बाजारात मार्माइट म्हणतात, दिल्याने तो पांडुरोग बरा होतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. मुंबईच्या कामकरी बायकांना वाचविणारे हे अज्ञात द्रव्य विल्सचे द्रव्य म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून चिमूटभर द्रव्य काढण्यात आले व पानावरूनच त्यास फॉलिक हे नाव पडले. हे आणि विल्सचे द्रव्य एकच होते.

पण चार टन पालकातून चिमूट निघावी, अशा द्रव्याने कोणत्या गरिबाचा रोग हटणार? ते कारखान्यात घडविता आले पाहिजे. सुब्बारावांच्या हाताखालच्या रसायनज्ञांनी १९४५ साली ते साधले. लगोलग क्युबा आदी देशांतील संग्रहणीच्या रोग्यांना ते देऊन पाहण्यात आले आणि मरणपंथास लागलेली माणसे जेवू लागली. ज्या व्याधीने सुब्बारावांचे भाऊ नेले, तिच्यावर औषध सापडले होते. तोवर भावांना जाऊन पंचवीस वर्षे उलटली होती.

दुसरा कोणी येथे थांबला असता. बोस्टनचे बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना फॉलिक ॲसिडाशी संबंधित द्रव्ये देऊन पाहिली, तेव्हा रोग बरा होण्याऐवजी वाढीस लागल्याचे त्यांच्या ध्यानी आले. रोगी पेशींचे हे खाद्य असेल, तर त्याच्यासारखे दिसणारे पण पोषण न करणारे द्रव्य देऊन त्यांना फसविता येईल काय? जुन्या ओळखीच्या सुब्बारावांकडे त्यांनी अशा द्रव्यांची मागणी केली. लेडर्लेच्या प्रयोगशाळेने ॲमिनोप्टेरिन आणि त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट सिद्ध केले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. अत्यवस्थ अशा सोळा मुलांपैकी दहांच्या प्रकृतीला उतार पडला होता. तो उतार तात्पुरता होता. परंतु औषधाने हा रोग मागे हटतो, हे तोवर कोणी पाहिले नव्हते. १९५६ साली मेथोट्रेक्सेटने गर्भवेष्टनापासून उद्भवणारा एक कर्करोग समूळ बरा होतो असे दिसून आले. आज चांगल्या रुग्णालयांत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातून दहांपैकी आठ-नऊ मुले वाचतात. त्यांच्या औषधांत मेथोट्रेक्सेट असतेच. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर देशभरातून आलेली आईबापे मुलांना घेऊन बसलेली असतात, ती या औषधाची वाट पाहत असतात. संधिवाताने बोटे वाकलेल्या आपल्या कित्येक आजीबाई आठवड्यातून एकदा तीच गोळी घेतात.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची बाधा झाली. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने १९४७ साली त्यावर हेट्राझान हे औषध पुढे आणले. डी.ई.सी. या नावाने तेच औषध आपल्या विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरच्या गावोगावी, आरोग्यसेविका घरपोच खाऊ घालीत आल्या आहेत. त्याच काळात, सत्तरी ओलांडलेले निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डुगर यांना सुब्बारावांच्या या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली. मातीच्या नमुन्यांतून डुगर यांनी ऑरिओमायसिन शोधले. १९४८ साली बाहेर आलेले हे टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविक. १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेगचा गवगवा झाला, तेव्हा ज्या गोळ्यांसाठी दुकानांसमोर झुंबड उडाली त्या याच कुळातील होत.

या सर्व कामांत सुब्बारावांचे नाव पुष्कळदा मागे राहिले. शोधनिबंधावर ते सहकाऱ्यांची नावे पुढे ठेवीत; समारंभांपासून दूर राहत. १९४६ साली कायदा बदलून हिंदी माणसाला अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा मिळाली, तरी ते अखेरपर्यंत हिंदी नागरिकच राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री झोपेतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. देश स्वतंत्र होऊन तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते. भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीस, १९९५ साली, त्यांचे टपाल तिकीट काढले.

येथे आम्हांस लेखणी थांबवावीशी वाटते. परंतु प्रामाणिकपणे ती थांबविता येत नाही. भीमवरमच्या मुलुखात शेषगिरी नावाची एक स्त्री होती. तिच्या पित्याच्या पैशावर हा संशोधक शिकला, तिच्या मुलाला पित्याचे दर्शन घडले नाही, आणि लग्नानंतरच्या तीन-चार वर्षांचा सहवास तिला जन्मभर पुरवावा लागला. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना एक ओळ मिळते, आणि ती ओळही बहुधा त्यांच्या त्यागाचे कौतुक करते. त्यागाला स्वतःची संमती लागते. शेषगिरींना ती विचारली गेली होती काय? लक्षावधी मुलांचे प्राण एका पारड्यात घातले, तरी दुसऱ्या पारड्यातील या एका आयुष्याचे वजन शून्य होत नाही. सुब्बारावांनी जगाचे जे देणे दिले त्यास तोड नाही. घरचे देणे मात्र राहून गेले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्या तरच त्याचे चरित्र पुरे होते.

आपण सारे नोकरीच्या, बदलीच्या, व्यापाराच्या निमित्ताने घर सोडून आलेली माणसे. थोड्या वर्षांनी परत जाऊ, असे आपणही कोणाला तरी सांगून निघालो होतो. त्या थोड्या वर्षांचीच पुढे पन्नास वर्षे होतात आणि मंडळाचा सुवर्णमहोत्सव येतो. परमुलखात मान खाली घालून काम कसे करावे, ज्या मुलखाने आसरा दिला त्याच्या हाती आपल्या कामाचे फळ कसे ठेवावे, हे सुब्बारावांकडून शिकावे. आणि गावी जे वाट पाहत आहेत, त्यांची आठवण त्यांच्या हयातीतच ठेवावी, हे शेषगिरींकडून. यंदाच्या दिवाळीत फडताळातील ती लाल गोळी दृष्टीस पडली, तर या दोघांचेही स्मरण व्हावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.