झाँ-फिलिप रामो

झाँ-फिलिप रामो (बाप्तिस्मा : २५ सप्टेंबर १६८३, दिजाँ, मृत्यू : १२ सप्टेंबर १७६४, पॅरिस) हे फ्रेंच संगीतरचनाकार, ऑर्गनवादक व संगीतशास्त्रकार होते. पियानो शिकणाऱ्याला आरंभीच सांगितला जाणारा कॉर्डचा मूळ स्वर आणि तिची उलट रूपे यांची सुसूत्र मांडणी प्रथम त्यांच्या १७२२ च्या ‘स्वरसंवादावरील प्रबंध’ या फ्रेंच ग्रंथाने केली.

जीवन

रामो यांचे वडील दिजाँ येथे ऑर्गनवादक होते व मुलाला संगीताचे पहिले धडे त्यांनीच दिले. तरुणपणी अल्पकाळ इटलीत राहिल्यावर रामो यांनी क्लेरमाँ, दिजाँ, लियाँ अशा प्रांतिक शहरांतील चर्चमध्ये नोकऱ्या केल्या. चाळिशीच्या उंबरठ्यावर, ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या वर्षी, ते पॅरिसला स्थायिक झाले. १७२६ मध्ये त्यांचा विवाह झाला. पहिला ऑपेरा रंगभूमीवर आला तो १७३३ साली, वयाच्या पन्नाशीत.

स्वरसंवादाचा सिद्धांत

त्या काळी हार्पसिकॉर्डवर साथ करणाऱ्यापुढे फक्त खालच्या स्वरांची ओळ व त्यावरील आकडे असत. आकडे पाहून त्याने उजव्या हाताने कॉर्ड भरायची. प्रत्येक कॉर्ड सर्वांत खालच्या स्वरापासून मोजली जाई. त्यामुळे सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग या तीन निरनिराळ्या कॉर्ड ठरत व विद्यार्थ्याला पाठांतराचे ओझे होई. रामो यांनी दाखवले की तळाशी कोणताही स्वर असो, तिन्हींचा मूळ स्वर सा हाच आहे. काही जर्मन लेखकांना हे आधी जाणवले होते. तथापि कॉर्डपाठोपाठ येणाऱ्या कॉर्डची चालही या मूळ स्वरांच्या ओळीवरून समजावून देणे, हे रामो यांचे खरे कार्य होय.

प्रारंभी त्यांनी तारेच्या विभागणीचा आधार घेतला. पुढे सोव्हर यांचे ध्वनिसंशोधन परिचित झाल्यावर, एकाच नादात पंचम व शुद्ध गंधार निसर्गतः ऐकू येतात, यावर त्यांनी सिद्धांत उभारला. तंबोऱ्याच्या खर्जातील स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. मेजर कॉर्ड अशी निसर्गसिद्ध ठरली. अडले ते मायनर कॉर्डपाशी, कारण तिच्यातील कोमल गंधार त्या नादात सहज मिळत नाही. १७३७ मध्ये दिलेले स्पष्टीकरण त्यांना १७५० मध्ये बदलावे लागले, आणि तेही समाधानकारक ठरले नाही.

वाद व अखेर

गणितज्ञ दालांबेअर यांनी १७५२ मध्ये रामो यांच्या क्लिष्ट विवेचनाचा सुबोध सारांश लिहिला. सिद्धांताचा प्रसार मूळ ग्रंथांपेक्षा या पुस्तकाने अधिक झाला असावा. परंतु दालांबेअर व दिदरो यांच्या विश्वकोशातील संगीतविषयक नोंदी रूसो यांनी लिहिल्या होत्या. त्यांतील चुका दाखवणारी पुस्तिका रामो यांनी १७५५ मध्ये काढली आणि जुने स्नेही विरोधक झाले. भूमितीसह सर्व शास्त्रांचे मूळ नादातच आहे, इथवर ते उतारवयात जाऊन पोहोचले. हे दालांबेअर यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

‘बोरेआद’ या अखेरच्या ऑपेराच्या तालमी झाल्या, मात्र त्यांच्या हयातीत त्याचा प्रयोग झाला नाही. पॅरिसच्या सँत-यूस्ताश चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.