संत ऑगस्टीन : अपराधाचा कर्ता कोण?

आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना ‘कन्फेशन्स’ या लॅटिन ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही. त्याचा कर्ता ऑगस्टीन हा ख्रिस्ती धर्मविचाराला वळण देणारा तत्त्वज्ञ आणि बिशप होय. त्याच्या तत्त्वज्ञानाचा समग्र परिचय करून देणे हा येथील हेतू नाही. आपल्या हातून जे वाईट घडते त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही; त्या प्रश्नाच्या अनुषंगाने आपण त्याचे चरित्र पाहणार आहोत.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्त येथे झाला. हे गाव आजच्या अल्जीरियात आहे. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती होती. वडिलांनी तो धर्म स्वीकारला तो अगदी अखेरीस. सोळाव्या वर्षी पैशांअभावी शिक्षण खंडित होऊन तो घरी बसला असताना एका रात्री त्याने सोबत्यांसह शेजारचे नासपतीचे झाड झोडपले आणि बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. या क्षुल्लक चोरीवर त्याने पुढे पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. प्रथम वाचताना हा पश्चात्ताप अतिरंजित वाटतो. मलाही वाटला होता. परंतु या चोरीला कोणतीच सबब नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे. भूक नव्हती, वैर नव्हते, घरी याहून चांगली फळे होती. एकट्याने आपण हे केले नसते, असे तो सांगतो. तरीही सोबत्यांच्या माथी खापर फोडून मोकळा होत नाही.

हे शहाणपण मात्र फार उशिरा आले. कार्थेज येथे शिकत असताना तो मानी पंथाकडे ओढला गेला आणि सुमारे नऊ वर्षे त्यात राहिला. प्रकाश आणि अंधार ही दोन सनातन तत्त्वे आहेत, माणसाच्या ठायी अंधाराचा अंश वसतो आणि पाप घडते ते त्या अंशाकडून, अशी या पंथाची शिकवण होती. म्हणजे पाप आपल्या हातून घडावे, पण दोष आपल्याला लागू नये! ही शिकवण आपल्या अहंकाराला गोड वाटत होती, अशी स्पष्ट कबुली त्याने नंतर दिली.

इ. स. ३८४ मध्ये तो मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. तेथील बिशप अँब्रोझची प्रवचने आणि प्लेटोच्या परंपरेतील ग्रंथ यांमुळे, पाप हे स्वतंत्र तत्त्व नसून इच्छाशक्तीचे भरकटणे आहे, असे त्याचे मत बनले. दोष ठेवायला आता दुसरी जागा उरली नाही. ३८६ च्या उन्हाळ्यात एका बागेत, अंतःकरणातील प्रदीर्घ झगड्यानंतर, त्याने पूर्वायुष्य सोडण्याचा निश्चय केला आणि ३८७ च्या ईस्टरला आपल्या मुलासह बाप्तिस्मा घेतला.

या मुलाच्या आईविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. ऑगस्टीन तिच्याबरोबर सुमारे पंधरा वर्षे राहिला. पुढे मोनिकेच्या पुढाकाराने एका सुस्थितीतील मुलीशी त्याचा विवाह ठरला, आणि या स्त्रीला आफ्रिकेत परत पाठविण्यात आले. पुन्हा कोणत्याही पुरुषाचा संग करणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. मुलगा मात्र बापाकडे राहिला. वधू वयात येण्यास अवकाश होता, आणि तेवढाही धीर न धरता ऑगस्टीनने दुसरी स्त्री जवळ केली. हे सर्व त्यानेच लिहून ठेवले आहे. वियोगाने आपल्या हृदयाला झालेल्या जखमेचे वर्णनही त्याने केले आहे. पण त्या स्त्रीच्या जखमेविषयी तो बोलत नाही, तिचे नावही सांगत नाही. देवाजवळ त्याने क्षमा मागितली. तिच्याजवळ मागितल्याची नोंद नाही. वेदीपाशी अर्पण आणलेल्याने आधी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, ही येशूची शिकवण. इतरांना क्षमा केल्याशिवाय स्वतःसाठी ती मागता येत नाही, असे ऑगस्टीन स्वतः प्रवचनांतून बजावीत असे. त्यामुळे हे मौन अधिकच बोचते. तत्कालीन समाजात अशा स्त्रीला दूर करणे गैर मानले जात नव्हते, हे खरे. परंतु त्याने घटनेचे कारण कळते, दोष फिटत नाही.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. लॅटिनमधील ‘कन्फेस्सिओ’ या शब्दात पापाची कबुली आणि देवाची स्तुती असे दोन्ही अर्थ आहेत. बिशप झाल्यावर ऑगस्टीनला प्रवचनात हे समजावून सांगावे लागे, कारण वाचनात तो शब्द ऐकताच श्रोते छाती बडवून घेत. मराठीतील ‘कबुली’ला न्यायालयाचा वास आहे, ‘स्तुती’ला अपराधाचा स्पर्श नाही. म्हणून ग्रंथनामाला नेमका मराठी प्रतिशब्द सापडत नाही.

उत्तरायुष्यात पेलागियसशी त्याचा मोठा वाद झाला. सर्व काही ईश्वरी कृपेवर सोपविले तर माणसाची जबाबदारी उरते कोठे, हा पेलागियसचा आक्षेप आजही निष्प्रभ झालेला नाही. पतनाला आपली इच्छा पुरेशी आहे, उठण्यास ती पुरेशी नाही, अशी ऑगस्टीनची भूमिका होती. डोनाटस पंथीयांच्या बाबतीत त्याने राज्यसत्तेच्या बळजबरीचे समर्थन केले. ४२६-२७ च्या सुमारास त्याने आपले सर्व ग्रंथ तपासून त्यांतील चुका नोंदविल्या. लेखकांत असा प्रामाणिकपणा दुर्मिळच. मात्र या प्रकरणात त्याने आपले पूर्वीचे सौम्य मतच अननुभवी ठरविले.

४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पो शहराला वेढा घातला असताना तो तापाने अंथरुणास खिळला. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन त्याने ती समोरच्या भिंतीवर लावली होती. ती वाचताना तो सतत रडत असे. वैद्य आणि जेवण आणणारे यांखेरीज कोणीही आत येऊ नये, असे त्याने सांगून ठेवले होते. सुमारे दहा दिवस असे गेले. २८ ऑगस्ट रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याला ४३ वर्षे उलटली होती.