नगरच्या फॅरारबाई

राजे, सेनापती आणि कवी यांची चरित्रे आपल्या पाठ्यपुस्तकांतून येतात, व ती यावीतही. परंतु ज्या शिक्षकाने एखाद्या मुलास प्रथम अक्षर गिरवावयास शिकविले, त्याचे नाव बहुधा त्या मुलाच्या स्मृतीपलीकडे जात नाही. आज ज्या शिक्षिकेचे चरित्र आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो, तिचे नाव इतिहासात राहिले आहे खरे. पण त्याचे मोठे कारण म्हणजे तिची शाळा पाहावयास आलेला एक तरुण पाहुणा होय. तो कोण, हे पुढे यथाक्रम येईलच.

मिस सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात मार्लबरो या गावी झाला. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी स्वदेशातच अध्यापनाचा व्यवसाय पत्करला आणि काही वर्षे तो निष्ठेने केला. इकडे अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत काम करीत होते, व १८२४ मध्ये त्यांनी तेथे मुलींची शाळा काढली होती. परंतु परक्या पुरुषाने मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या आयांशी बोलावे, हे त्या काळी शक्यच नव्हते. मिशनऱ्यांच्या पत्नी हे काम पाहत. पण घरसंसार, मुलेबाळे, परकी हवा आणि वारंवार येणारी दुखणी यांतून त्यांना वेळ तो किती मिळणार? म्हणून केवळ शाळांकडेच लक्ष देईल अशी एक अनुभवी शिक्षिका पाठवावी, असे ठरले. अविवाहित स्त्रीला एकटीच्या जबाबदारीवर हिंदुस्थानात धाडण्याचा बोर्डाचा हा पहिलाच प्रसंग. त्या कामासाठी फॅरारबाईंची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते.

१८२७ च्या जून महिन्यात त्यांनी बोस्टन बंदर सोडले. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. आगबोटीचा सुखाचा प्रवासही नव्हता. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेस वळसा घालून त्या प्रथम कलकत्त्यास आल्या आणि तेथून २९ डिसेंबर १८२७ रोजी मुंबईस पोहोचल्या. पोहोचताच मराठी शिकणे हे पहिले काम. ज्या भाषेत मुलगी घरी आईशी बोलते, त्या भाषेतच तिला वाचावयास शिकविले पाहिजे, हे मिशनच्या मुलींच्या शाळांचे धोरण होते, आणि ते किती योग्य होते हे आज निराळे सांगावयास नको.

त्या काळच्या मुलींच्या शाळा कशा होत्या, याची कल्पना आजच्या मुलामुलींस सहजी यावयाची नाही. मोठी इमारत नाही, बाके नाहीत. लहानशी जागा, तीत जमिनीवर बसलेल्या थोड्या मुली, आणि समोर पंतोजी. शिकविण्यास स्त्री मिळणे अशक्यच होते, कारण लिहितावाचता येणाऱ्या स्त्रियाच नव्हत्या. म्हणून पंतोजी नेमावे लागत, आणि फॅरारबाई एका शाळेतून दुसरीत जाऊन मुलींची परीक्षा घेत, त्यांस शिवणकाम शिकवीत व पंतोजींच्या कामावर देखरेख ठेवीत. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, हा समज घरोघरी रुजलेला होता. त्यातूनही एखादी मुलगी येऊ लागली, तर तिला चार ओळी नीट वाचता येतात न येतात तोच तिचे लग्न होई आणि ती सासरी निघून जाई. शिक्षिकेने पुन्हा नव्या मुलीपासून आरंभ करावयाचा! इतके असूनही दोन वर्षांच्या आत मुंबईतील मिशनच्या शाळांतून मुलींची संख्या चारशेपर्यंत गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे बाईंच्या चिकाटीची खरी किंमत कळते.

दहा वर्षांच्या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि १८३७ मध्ये त्यांस अमेरिकेस परतावे लागले. आपला वाटा आपण उचलला असे म्हणून त्या तेथेच राहिल्या असत्या, तर त्यांस कोणी नावे ठेवली नसती. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या. या वेळी त्यांची नेमणूक अहमदनगरास झाली, आणि नगरच अखेरपर्यंत त्यांचे गाव झाले.

नगरास त्यांच्या कसोटीचा प्रसंग आला. शहरातील काही वरिष्ठ वर्गातील गृहस्थांनी आपल्या मुलींच्या शिक्षणास आपण होऊन पाठबळ दिले आणि त्या शाळा बाईंच्या देखरेखीखाली चालू लागल्या. मुंबईत ज्या गोष्टीसाठी दारोदार फिरावे लागले, ती येथे आपण होऊन चालत आली असे वाटले. परंतु पुढे, या शिक्षणाबरोबर ख्रिस्ती धर्माची शिकवणही मुलींच्या मनावर ठसत आहे असे दिसताच त्या गृहस्थांनी आपला आधार काढून घेतला. येथे आम्हांस दोन्ही बाजूंविषयी न्यायाने बोलले पाहिजे. आपली मुलगी आपल्या धर्मापासून दुरावेल ही आईबापांची भीती खोटी नव्हती. ती कोणाही आईबापास वाटेल. उलट, फॅरारबाई ज्या श्रद्धेने घरदार सोडून आल्या होत्या, ती श्रद्धा शाळेच्या दाराबाहेर ठेवून येणे त्यांस अप्रामाणिकपणाचे वाटले असते. दोघांचीही मने समजण्याजोगी होती. नुकसान मात्र शाळेतून उठविल्या गेलेल्या मुलींचे झाले. बाईंनी यावर रुसून काम टाकले नाही. जेथे मोठ्या घरच्या मुली येईनात, तेथे ज्यांस कोणीच शाळेत बोलावीत नव्हते अशा घरच्या मुली गोळा करून त्यांनी पुन्हा आरंभ केला.

आता त्या पाहुण्याविषयी. पुण्याचे जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरास आले असता त्यांनी फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. मुली नीट वाचतात, लिहितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि आपल्या गावीही हे झालेच पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि तीत सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, तेही फॅरारबाईंच्या संस्थेत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जे काम एका परदेशी बाईने चालविले होते, ते आता याच मातीतील एक स्त्री चालवू लागली. फुले दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. पण नगरच्या शाळेचे ऋण जोतीरावांनी कधी लपविले नाही. शिक्षकाच्या हातून पेरलेले बी कोणत्या शेतात उगवेल, हे शिक्षकास ठाऊक नसते. कित्येकदा ते त्याने योजिलेल्या शेताबाहेरच जोमाने वाढते.

फॅरारबाई त्यानंतरही चौदा वर्षे नगरास शिकवीत राहिल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी नगरासच देह ठेवला. मुंबईत प्रथम पाऊल ठेवल्यास तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. त्यांनी विवाह केला नाही, संपत्ती साठविली नाही. ज्या शेकडो मुलींस त्यांनी अक्षरओळख करून दिली, त्यांपैकी बहुतेकींची नावेही आज कोठे सापडत नाहीत. पण त्यांतील एखादीने चुलीपुढे बसून आपल्या लेकीस बाराखडी शिकविली नसेल, असे कोणी म्हणावे?

आमच्या कोल्हापुराचाही या कथेशी थोडा संबंध आहे. १८५२ मध्ये येथे मिशनचे काम सुरू करणारे रेव्हरंड रॉयल वाइल्डर व त्यांच्या पत्नी एलायझा ही दोघे त्यापूर्वी नगरच्या मिशनमध्येच काम करीत होती, आणि येथे येताच त्यांनी शाळांचे काम हाती घेतले. पुढे १९१७ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि एकेकाळी मूठभर लोकांनी हट्टाने चालविलेली गोष्ट राज्याचे कर्तव्य ठरली.

आज सकाळी शिवाजी पेठेतून दप्तरे घेऊन, कोणी पायी तर कोणी सायकलीवर, रंकाळ्याच्या वाऱ्यात हसतबोलत शाळेस निघालेल्या मुली पाहून कोणास नवल वाटत नाही. नवल वाटू नये, हेच त्या जुन्या श्रमांचे फळ आहे. विद्यार्थिनींनो, जे तुम्हांस रोजचे झाले आहे त्याची किंमत कोणी तरी आधी भरून ठेविली आहे, हे विसरू नका. आणि पालकहो, मुलगी अभ्यासात रमली असता घरकामासाठी अथवा लग्नाच्या घाईने तिला मध्येच उठविण्याचा विचार कधी मनात आलाच, तर नगरच्या त्या बाईंचे स्मरण करा. पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करावयास प्रत्येक मुलीस फॅरारबाई भेटतीलच असे नाही.